चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

माझ्या शर्टाचं दुसरं बटण मंगलने वर्षभरात सहा वेळा लावलं. सहाव्या वेळी दातांनी दोरा तोडता तोडता ती म्हणाली, "हाई एकच बटन कसं काय तुटस?" मी हसलो. मंगल माझी बायको. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तिच्या अशा प्रश्नांना मी कधी नीट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी दिलं असतं, तर तिचा हात आज धड असता.

अमळनेरात माझं चष्म्याचं दुकान आहे. काचा घासणं, फ्रेम बसवणं, नंबर काढणं हे माझं काम. आजारातून उठून आता दीड वर्ष झालं. ज्यांच्या घरी कुणी साधना करतं आणि त्याला 'काहीतरी दिसतं', त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय.

गुरुवारची बैठक

आमच्या गावात नानांच्या ओट्यावर दर गुरुवारी संध्याकाळी बैठक असते. नाना तेलाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. गुडघ्यामुळे त्यांना मांडी घालता येत नाही, म्हणून खांबाला टेकून पाय लांब करून बसतात. अर्धा तास सगळ्यांनी गप्प बसायचं, मग नाना दोन वाक्यं बोलणार. पूर्वी एवढंच होतं.

मग सुशीलाअक्का यायला लागल्या. अक्का निवृत्त मुख्याध्यापिका, मनाच्या फार चांगल्या, पण त्यांना प्रत्येक गोष्टीची नोंद लागते. त्यांनी एक जाड वही आणली. बसून झाल्यावर ज्याला जो अनुभव आला तो त्याने सांगायचा, अक्का तारीख घालून लिहिणार. कुणाला पायांत मुंग्या आल्या, कुणाला घंटा ऐकू आली. माझ्या नावापुढे मात्र पानंच्या पानं भरायला लागली.

मला आधी वास यायचा. गिरणीत ताजं तेल गाळताना यायचा तसा गरम, गोड. लहानपणी आमचं घर गिरणीच्या मागेच होतं. मग पोटातून काहीतरी वर चढायचं, समोरचं सगळं फार ओळखीचं वाटायचं, आणि उजव्या बाजूने पिवळा उजेड पसरायचा. त्यापुढचं आठवायचं नाही. भानावर यायचो तेव्हा ओट्यावर कुणी हलत नसायचं आणि दोन-चार जणांचे हात जोडलेले असायचे. पुढे पुढे धुळ्याहून, पाचोऱ्याहून लोक यायला लागले. जाताना माझ्या पाया पडायचे. मी 'अहो, नको' म्हणायचो, पण पाय मागे घेत नव्हतो.

नाना फक्त एवढंच विचारायचे, "गया ना तो उजेड? मंग तो गया हाई कोनले समजनं?"

मला राग यायचा. वाटायचं, म्हाताऱ्याला स्वतःला काही दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचंही बघवत नाही. नाना सांगायचे की अनुभव येतील-जातील, आपण कोण हे शोधायला बसलोय. ते मला कोरडं वाटायचं. मला रस होता वहीत.

आणि गंमत बघा. माझ्या दुकानात कुणी येऊन 'डोळ्यापुढे उजेड चमकतो' म्हणालं, तर त्याचा चष्मा बाजूला ठेवून मी त्याला त्याच दिवशी धुळ्याला डॉक्टरकडे पिटाळतो. हेच मी तीन वर्षं स्वतःला सांगितलं नाही.

मोबाइलमधला मी

मग हे गुरुवार सोडूनही व्हायला लागलं. एका रविवारी सकाळी मी घरी आसनावर बसलो होतो. मंगलने मोबाइल उचलला आणि माझं चित्रण केलं. दुपारी जेवणं झाल्यावर तो माझ्यासमोर धरला.

त्यात एक माणूस होता. डोळे उघडे, पण काचेचे असावेत तसे. काही चघळत असल्यासारखं तोंड हलतंय. उजव्या हाताची बोटं शर्टाचं दुसरं बटण धरून ओढतायत, पुन्हा पुन्हा. मागून मंगलचा आवाज येतोय, "अहो... अहो... आयकी ऱ्हायनात का?" तो माणूस तिच्याकडे मान वळवतो आणि तिला बघत नाही.

"देव भेटस तव्हय तुम्ही माले वळखतस नही?" मंगलने विचारलं.

मी म्हणालो, समाधी तुला काय कळणार. हे वाक्य मी खरंच बोललो. ती चित्रफीत तिने आमच्या मुलीला, वर्षाला पाठवली. वर्षा जळगावला शिक्षिका आहे. पुढच्या आठवड्यातली धुळ्याच्या डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली.

निदानाचा दिवस

डॉक्टर मेंदूचे तज्ज्ञ होते, वर्षापेक्षा फार मोठे नसतील. त्यांनी ती चित्रफीत दोनदा पाहिली आणि विचारलं, "हे व्हायच्या आधी कसला वास येतो का?"

"नाही," मी म्हणालो.

"येस ना," मंगल म्हणाली. "तेलना वास येस म्हने. वहीमा लिखेल शे."

डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली. माझी तीन वर्षं त्या एका ओळीत मावली याचा मला इतका अपमान वाटला, की भीती वाटायची राहून गेली.

भीती दुपारी वाटली. मशीनच्या नळीत अर्धा तास ठकठक ऐकून बाहेर आलो. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि डाव्या कानाच्या वर पेन टेकवलं. गाठ होती. हळू वाढणारी असावी, पण काढावी लागेल, जळगावला सोय आहे. बैठकीत येतात ते मेंदूचे झटके, असं त्यांनी सांगितलं. तोवर सकाळ-संध्याकाळ गोळी, एकही चुकवायची नाही. गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही.

मी विचारलं, "गाठ काढली की ते जाईल?"

"झटके? जावेत म्हणूनच तर काढायची."

मला झटक्यांचं विचारायचं नव्हतं. परतीच्या एसटीत मंगलने माझा हात धरून ठेवला होता. तिला वाटत होतं की मी मरणाला घाबरलोय.

गोळ्या

गोळीने काम केलं. पहिला गुरुवार कोरडा गेला, दुसरा गेला, पाच गेले. गाठीचं बैठकीत मी कुणाला कळू दिलं नव्हतं. अक्का पेन उघडून माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचो. पाचव्या गुरुवारी त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, साधनेत काही चुकलं का?" धुळ्याहून आलेलं जोडपं त्या दिवशी पाया न पडता गेलं. मला ते लागलं. किती लागलं हे आज लिहायलाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलने गोळी दिली, मी ती जिभेखाली धरली, पाणी प्यायलो आणि दुकानात जाऊन चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत टाकली. संध्याकाळची घ्यायचो. अर्धी तर घेतोय ना, अशी स्वतःची समजूत घातली. पुढच्या गुरुवारी वास आला, उजेड आला. भानावर आलो तेव्हा अक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला पुन्हा मी झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर पाच दिवसांनी धुळ्याला तपासणी होती. मंगल म्हणाली एसटीने जाऊ. मी म्हणालो, दीड महिना काही झालेलं नाही, मोटरसायकलने जाऊ. घरात माझा शब्द चालायचा. ती मागे बसली.

धुळं दहा-बारा किलोमीटर राहिलं असेल. दोन्ही बाजूंना कपाशी, रस्ता मोकळा. वास आला.

इथे माझा हात अडतो, पण हे लिहायचं नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. वास आला तेव्हा मला आनंद झाला. मला कळत होतं की पुढे काय होणार. तीन-चार सेकंद माझ्याकडे होते. ब्रेक माझ्या पायाखाली होता. मी वाट बघत राहिलो, उजेडाची.

स्टुलावरची डबी

मला खरचटण्यापलीकडे फार लागलं नाही. मंगलचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या हातात सळ्या घातल्या, झटका आला होता म्हणून मलाही तिथेच ठेवून घेतलं.

अपघातात माझा चष्मा फुटला होता. दुसरा आणायला वर्षा अमळनेरला दुकानात गेली. गल्ल्याशेजारी ठेवलेली डबी तिने उचलली, उघडली. आमच्या खोलीत परत आली आणि डबी आमच्या दोघांच्या खाटांच्या मधल्या स्टुलावर ठेवली. उघडीच. आत अकरा गोळ्या होत्या.

"आई, मोजून घे," वर्षा म्हणाली. "मला बघायचं नाही यांच्याकडे."

मंगलने मोजल्या नाहीत. तिने पाण्याचा तांब्या डाव्या हाताने सरकवायला बघितला, पाणी सांडलं, मी उठायला लागलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. काही हवं असलं तर वर्षाला सांगायची, वर्षा भिंतीकडे बघून मला सांगायची. डोक्यातल्या गाठीपेक्षा त्या नऊ दिवसांचं ओझं जास्त होतं.

जळगाव

ऑपरेशन लवकर करायचं ठरलं. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली होती. त्यामुळे कवटी उघडल्यावर मला जागं करणार आणि चित्रं दाखवून नावं विचारणार. जिथे विजेचा बारीक स्पर्श केल्यावर बोलणं अडेल, ती जागा सोडणार. सर्जनबाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मीही मान डोलावली आणि बाहेर येऊन बाकावर बसलो तो तासभर उठलोच नाही.

वॉर्डात पहाटे ताप बघायला यायचे, मग चहा, मग रक्त घ्यायला. दहा वाजता एक ताई चित्रांचा गठ्ठा घेऊन यायची. छत्री, चावी, बैल, केळं. शेजारच्या खाटेवर फैजपूरचे एक केळी बागायतदार होते. ते केळ्याचं चित्र बघून दर वेळी म्हणायचे, "असला माल आमच्याकडे ढोरंही खाणार नाहीत." त्या आठ दिवसांत मी हसलो तो तेवढाच. घाबरलेल्या माणसाला 'धीर धरा' म्हणण्यापेक्षा असा एखादा शेजारी बरा.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी नाना आले. त्या गुडघ्याने, रेल्वेने. खुर्चीवर पाय लांब करून बसले. मी न राहवून विचारलं, "नाना, बठ्ठं गाठनंच व्हतं का? मंग तीन वरीस मी काय करं?"

"माले काय माहीत," नाना म्हणाले. दुखरा गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "मनी बी चूक शे. वही मी बंद कराले पाहिजे व्हती. लोक येत व्हतात, ओटा भरत व्हता, माले बी बरं वाटे."

नाना असं काही कबूल करतील असं मला कधी वाटलं नव्हतं. वर्षाने त्यांना गोळ्यांचं सांगितलेलं होतं. ते पुढे वाकले. "एक सांग. गोळी डबीमा टाकतांना तुले कळत व्हतं ना, का मी लपाडी ऱ्हायनू?"

"कळत व्हतं."

"रोज?"

"रोज."

"ज्याले कळत व्हतं, त्याले देख. त्याले वास नही, उजेड नही. पन तो दररोज व्हता."

त्यांची गाडी होती, ते गेले. मी पडून राहिलो. डबी उघडताना इकडेतिकडे बघणारा मी मला दिसला. पाय मागे न घेणारा दिसला, वहीत किती ओळी झाल्या हे तिरक्या नजरेने बघणारा दिसला. तीन वर्षं रोज डोळे मिटून बसलो, पण या माणसाकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. त्यात आनंद वगैरे काही नव्हता. उठून कुठे पळावंसं वाटत होतं आणि हाताला सलाईन होती.

आरसा

आदल्या दिवशी दुपारी माझं डोकं भादरलं. वर्षा औषधं आणायला खाली गेली होती. मंगल खुर्चीत बसली होती, हात गळ्यात अडकवलेला. उद्या बोलता आलं नाही तर, हा विचार सकाळपासून डोक्यात होता. मी म्हणालो, "मंगल, तुले एक सांगनं शे. त्या दिवशी वास ऊना तव्हय माले कळनं व्हतं. माले ब्रेक लावता येत व्हता. मी लावा नही."

तिने माझ्याकडे बघितलं. नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा सरळ.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "गाडीना आरशामा तुमनं तोंड दखायनं माले. तुम्ही हासत व्हतात."

मला रडू आलं. ती रडली नाही. थोड्या वेळाने उठली, डाव्या हाताने माझ्या भादरलेल्या डोक्यावरचे चिकटलेले केस झटकले आणि म्हणाली, "तुमले आसं हासतांना मी घरमा कधी देखं नही." एवढंच बोलून ती परत खुर्चीत जाऊन बसली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

टेबलावर

जाग आली तेव्हा डोकं घट्ट पकडलेलं होतं. दुखत नव्हतं. समोर हिरव्या कापडाचा तंबू आणि त्यात ताईचा चेहरा.

"हे काय?"

"छत्री."

"हे?"

"बैल."

"हे?"

मला दिसत होतं. उघडता-लावता येतं, कुलूप, सगळं माहीत होतं, शब्द येईना. मागून सर्जनबाई म्हणाल्या, "इथे नाही." स्पर्श गेला आणि शब्द आला, "चावी." अशी कितीतरी चित्रं झाली. घाम डोळ्यांत उतरत होता, तो ताईच पुसत होती.

मग वास आला.

तोच. गरम तेलाचा. पोटातून वर चढायला लागलं. माझा उजवा हात छातीकडे निघाला, तिथे बटण नव्हतं, कुणीतरी तो हात धरला. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं, की गप्प बसावं. यांना सांगितलं नाही तर ती जागा त्यांना सापडणार नाही. एवढीशी राहील. कुणाला कळणार आहे?

मला कळत होतं. डबी उघडताना कळायचं तसंच, अगदी तसंच.

"वास येतोय," मी म्हणालो.

"कसला? सांगत राहा."

"तेलाचा. इथेच आहे ते. आता उजव्या बाजूने उजेड येईल."

"छान. अजून काही?"

"नाही," मी म्हणालो. "काढा."

नंतर

दोन महिने शब्द हरवायचे. दुकानात गिऱ्हाइकासमोर 'काच' आठवायची नाही, मी बोटाने दाखवायचो. गाठ हळू वाढणाऱ्या जातीचीच निघाली. दर सहा महिन्यांनी फोटो काढायचा, गोळ्या अजून चालू आहेत. त्या दिवसापासून वास आला नाही, उजेडही नाही. सुरुवातीला त्याची आठवण यायची. जवळचं कुणी गेल्यावर येते तशी यायची, हे लपवत नाही.

बैठकीत जाऊन मी सगळं सांगितलं, डबीसकट. अक्का वही मिटून रडल्या. मग रागावल्या, की देवाला यायचं तर मेंदूतूनच यावं लागेल ना, भाऊ? मी म्हणालो, "असेल, अक्का. मला माहीत नाही. पण तो येत होता तेव्हा मी खोटं बोलत होतो, एवढं माहीत आहे." काही लोक नंतर यायचे बंद झाले. आता ओट्यावर सात-आठ जण असतो. नाना तेच विचारतात, वही नसते. अक्का येतात, अजून माझ्यापासून जरा लांब बसतात.

मी रोज सकाळी बसतो. डोक्यावरच्या वणाला खाज येते, ते दिसतं. अक्का मला काय समजत असतील हा विचार येतो, तो दिसतो. वहीत लिहिण्यासारखं एकही नाही. कधी कधी कंटाळा येतो.

मंगलचं मनगट पूर्ण वळत नाही, तिला सुई धरता येत नाही. शर्टाचं बटण मीच लावलं. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवणारा माणूस मी, पण सुईत दोरा घालायला तीन वेळा चुकलो. दीड वर्षात ते तुटलेलं नाही.

दवाखान्यातून आल्यापासून एक नेम ठरला. नेम मंगलने लावला नाही, मीच लावून घेतला. सकाळी गोळी गिळली की तिच्यासमोर उभं राहायचं, तोंड उघडायचं, जीभ वर करून दाखवायची. ती हातातलं काम थांबवायची, नीट बघायची, मान हलवायची. एकही दिवस तिने न बघता सोडला नाही, आणि मलाही ते योग्यच वाटायचं.

परवा सकाळी मी असाच तिच्यापुढे तोंड उघडून उभा राहिलो. ती तव्यापाशी होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"बसा जेवाले," ती म्हणाली. "भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."